सत्तावीस ग्रॅम

शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता बाबांनी दुकानातून आणलेली कागदी पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि बाईसाहेबांनी आतलं खोकं काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. बाईसाहेब म्हणजे त्यांची दहा वर्षांची मुलगी. हे नाव तिला कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण दिलेलं परत घेण्याचं धैर्यही घरात कोणाकडे नव्हतं. तिने खोकं पुन्हा टेबलावर ठेवलं, दुसऱ्याच्याच मुलाचा पेपर चुकून हातात आल्यासारखं.

"बाबा, मी काय आणायला सांगितलं होतं?"

"मोटर. ए आठ."

"ए आठ तीन. ही ए आठ पाच आहे."

"अगं, ताकद तीच आहे. कंपनीही तीच."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि बाबांना स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला. बाबांचं औषधांचं दुकान होतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. चिठ्ठीवरचं औषध नसलं तर ते गिऱ्हाइकाला आधी डॉक्टरांना फोन करायला लावत, तोवर बाजूला उभं करत, आणि वर चार शब्द सुनावत. तेच बाबा आज छंदाच्या वस्तूंच्या दुकानात रांगेत उभे राहिले होते. ए आठ तीनचं अख्खं खोकं कोणीतरी सकाळीच उचललं, पाच मात्र आहेत, ताकद तीच, कंपनी तीच, असं तिथला माणूस म्हणाला आणि बाबांनी मान डोलावली. घरी फोन करता आला असता. पण मागे सात माणसं उभी होती, आणि त्यांच्यादेखत "थांबा, मुलीला विचारतो" असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

बाईसाहेबांनी पिशवी उलगडून तिच्या पाठीवर पेन्सिलीने एक उभी रेघ काढली. मोटर पेटते, रॉकेटला वर ढकलते आणि विझते. त्यानंतर रॉकेट आपल्याच जोरावर वर सरकत राहतं. शेवटचा आकडा त्या सरकण्याच्या सेकंदांचा. तेवढे सेकंद झाले की मोटरच्या डोक्यातली चिमूटभर दारू उडते, रॉकेटची टोपी निघते आणि आतलं पॅराशूट बाहेर पडतं. आपलं रॉकेट चौऱ्याऐंशी ग्रॅमचं. तीन सेकंदांत ते टोकाला पोचणार. मग तिने ती रेघ वळवून खाली आणली, अगदी कागदाच्या कडेपर्यंत.

"आणि पाचव्या सेकंदाला?" बाबांनी विचारलं.

"पाचव्या सेकंदाला ते नाक खाली करून जमिनीकडे सुटलेलं असेल. पॅराशूट उघडलं तरी फाटेल."

ती रडली नाही, हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मैदानावर रॉकेट मंडळाची निवडचाचणी होती. प्रत्येक मुलाला एकच उड्डाण. रॉकेट वर जाऊन पॅराशूटने आखलेल्या वर्तुळात धडपणे उतरलं, तर मंडळाच्या कार्यशाळेत वर्षभर प्रवेश. लहान गटाची वयोमर्यादा दहा पूर्ण, आणि बाईसाहेबांना पुढच्या महिन्यात अकरा पूर्ण होत होती. म्हणजे पुढच्या वर्षी हा दरवाजा बंद. चार महिने तिने त्या पुठ्ठ्याच्या नळीखेरीज दुसरं काही मनात आणलं नव्हतं. आणि छंदाच्या वस्तूंचं दुकान पाचला बंद झालं होतं.

बाबा म्हणाले, चूक माझी आहे, काय करायचं ते सांग. असं वाक्य त्या घरात वर्षातून एकदा ऐकू येई, त्यामुळे आईने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं.

बाईसाहेबांनी वहीतला तक्ता काढला. पाच सेकंदांची मोटर वाईट नसते, ती हलक्या रॉकेटसाठी असते. रॉकेट हलकं असलं की ते विझल्यावरही बराच वेळ वर जात राहतं. सत्तावन्न ग्रॅमच्या आत असेल, तर चालेल.

"म्हणजे सत्तावीस ग्रॅम कमी करायचे," बाबा म्हणाले. ते आपल्या दुकानातून भुकटी तोलायचा काटा घेऊन आले, टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी वाकून पातळीत आणला आणि पंखा बंद केला. बाबांना बरं वाटलं. काटा असला की त्यांना नेहमीच बरं वाटे.

आता या रॉकेटचं असं झालं होतं, की बाईसाहेबांनी ते मुळात बेताचंच बनवलं होतं. पण घरात प्रेमाची माणसं फार. अण्णा, म्हणजे आईचे वडील, चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. सहा माणसांच्या लिफ्टला बारा माणसांचा दोर लावणं हा त्यांचा धर्म. त्यांनी नातीच्या पातळ पंखांकडे पाहून मान हलवली होती आणि चांगल्या जाड प्लायवूडचे पंख कापून लावले होते. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने नळीला रंगाचे तीन हात दिले होते आणि वर सावलीची अक्षरं काढली होती. आईने पॅराशूटच्या कडेला दुहेरी गोट शिवला होता. बाबांनी आपल्या परीने लेबलं चिकटवली होती, 'थंड व कोरड्या जागी ठेवा' आणि 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका' ही.

लेबलं आधी निघाली. बाबांनी ती स्वतःच्या नखांनी खरवडली आणि काट्यावर ठेवली. एक पूर्णांक चार.

"एवढीच?" अण्णा म्हणाले. "जावईबापू, तुमच्या शिक्क्यांना वजन असेल असं वाटलं होतं."

आईने पॅराशूट मांडीवर घेतलं आणि उसवायचा हूक चालवला. आपणच घातलेले बारीक टाके आपणच काढताना ती मध्ये एकदा म्हणाली, की हा गोट तिने तीन वेळा उलगडून घातला होता, ते कोणाला ठाऊक नसेल. गोट पाच पूर्णांक दोन भरला.

मामाला निरोप गेला तेव्हा तो शिडीवर होता. तो हातात ब्रश घेऊनच आला. झालेला प्रकार ऐकून त्याने रॉकेट छातीशी धरलं आणि सांगितलं, की रंगाला वजन नसतं, रंग म्हणजे नुसती शोभा. बाईसाहेबांनी काट्याकडे बोट दाखवलं. मामाने भावोजींकडे पाहिलं. भावोजी चष्मा पुसत होते. शेवटी मामा पॉलिशपेपर घेऊन खिडकीत बसला आणि पाठ फिरवून घासू लागला. आधी सावल्या गेल्या, मग अक्षरं गेली, मग तांबडा, मग पिवळा. खाली पुठ्ठा दिसू लागला तेव्हा त्याने रॉकेट काट्यावर ठेवलं आणि आकडा न बघता हात धुवायला गेला. सात पूर्णांक एक.

पावणेसात वाजले होते. काटा सत्तर पूर्णांक तीन दाखवत होता. खोलीतल्या सगळ्यांची नजर पंखांवर गेली आणि मग, हळूहळू, अण्णांवर.

अण्णांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात अमुक इमारतीतली लिफ्ट होती, तिचा मालक होता, पातळ दोर वापरून दोन पैसे वाचवणारा ठेकेदार होता, आणि तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मधोमध अडकलेलं एक वऱ्हाड होतं. तात्पर्य असं, की ज्याच्यावर जीव टांगलाय ते कधी पातळ करू नये. ते एका ग्रॅमलाही हात लावू देणार नव्हते.

"आजोबा," बाईसाहेब म्हणाल्या, "यात कोणी बसणार नाहीये."

अण्णा थांबले. चाळीस वर्षांत हा मुद्दा त्यांच्यापुढे कोणी मांडला नव्हता. बराच वेळ ते पंखांच्या कडांवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी रंधा मागितला, आणि कोणालाही जवळ येऊ न देता चारही पंख इतके सफाईने पातळ केले, की दिव्यासमोर धरल्यावर लाकडातून उजेड दिसू लागला. दहा पूर्णांक आठ.

एकोणसाठ पूर्णांक पाच. अजून अडीच ग्रॅम उरले होते, आणि काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आईने धाग्याच्या गाठींची टोकं कापली, बाबांनी डिंकाचे ओघळ खरवडले, काटा हलला नाही. मामा म्हणाला, पुठ्ठ्याला भोकं पाडू. तेव्हा बाईसाहेबांनी नळीच्या बाजूची छोटी खिडकी उघडली आणि आतला वैमानिक बाहेर काढला. तो तिने पेन्सिलीच्या तुकड्यापासून स्वतः कोरला होता. त्याला टोपी होती, भुवया होत्या, आणि एका हातात पत्र होतं. त्या पत्रात काय लिहिलंय ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. तिने खिडकी लावली आणि त्याला काट्यावर ठेवलं.

दोन पूर्णांक सात.

"छप्पन पूर्णांक आठ," बाबांनी वाचलं. बाईसाहेब हात धुऊन जेवायला बसल्या. जेवण झाल्यावर झोपायला गेल्या.

शनिवारी सकाळी पावणेदहाला सगळं घर मैदानावर दोरीपाशी उभं होतं. वारा नव्हता. मध्ये पांढऱ्या भुकटीने आखलेलं मोठं वर्तुळ, त्याच्या मधोमध उड्डाणाची सळई, आणि अलीकडे तपासणीचं टेबल. टेबलामागे मंडळाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. करड्या केसांच्या, गळ्यात शिट्टी, समोर रजिस्टर, बाजूला काटा. आवाज मऊ होता, पण त्या मऊपणात वळायला जागा नव्हती. तपासणीसाठी प्रत्येक मुलाला बरोबर सहा मिनिटं मिळत.

बाईसाहेबांनी रॉकेट आणि मोटर टेबलावर ठेवली. प्रमुखबाईंनी मोटर उचलून बाजूच्या खोक्यात टाकली.

"बाहेरची मोटर चालत नाही. सुरक्षेसाठी मंडळच सगळ्यांना देतं. तुझ्या अर्जावर चौऱ्याऐंशी ग्रॅम आहे, म्हणजे तुला ए आठ तीन." आणि त्यांनी शेजारच्या भरगच्च खोक्यातून एक ए आठ तीन काढून तिच्यापुढे ठेवली. काल सकाळी दुकानातून अख्खं खोकं कोणी उचललं, ते बाबांना त्या क्षणी कळलं. "सूचनापत्राच्या मागच्या बाजूला ठळक छापलंय. वाचलं नाही का?"

त्या घरात एक पद्धत होती. आलेला प्रत्येक महत्त्वाचा कागद आई त्याच दिवशी खळ लावून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकायची, म्हणजे हरवायला नको. वीजखात्याच्या सूचना, लसीकरणाची पत्रकं, शिवणयंत्राची हमी. अकरा वर्षांत एकही कागद हरवला नव्हता. आणि अकरा वर्षांत एकाही कागदाची मागची बाजू कोणी पाहिली नव्हती. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई आपल्या बोटांकडे पाहत होती.

प्रमुखबाईंनी रॉकेट काट्यावर ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे छप्पन पूर्णांक आठ आहे. अर्जात चौऱ्याऐंशी. दोन ग्रॅम इकडे तिकडे चालतात. सत्तावीस नाहीत."

बाईसाहेबांनी न विचारताच सगळ्यांना समजावलं. इतकं हलकं रॉकेट तिसऱ्या सेकंदाला अजून जोरात वर चाललेलं असेल. तेवढ्या वेगात पॅराशूट उघडलं तर चिंध्या. म्हणजे वजन परत वाढवायला हवं, किमान ब्याऐंशीपर्यंत. आणि काल काढलेलं सगळं घरी, केराच्या टोपलीत. तिचा आवाज शेवटी किंचित हलला, आणि तो हललेला ऐकून आजूबाजूची चारही माणसं एकदम खिशात हात घालू लागली.

"धातू नको," प्रमुखबाई म्हणाल्या. "काच, दगड नको. माती, वाळू, पाणी, सुटं काही नको. सगळं टोपीच्या आत बसलं पाहिजे. आणि दोरीच्या आत फक्त घरची माणसं. पाच मिनिटं उरलीत."

नाणी गेली, किल्ल्या गेल्या. बाबांनी डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. प्रमुखबाईंनी तिची चंदेरी बाजू वर केली आणि परत दिली. बावीस वर्षं त्या पट्ट्या विकून त्यांच्यात धातू असतो हे बाबांना कधी सुचलं नव्हतं. मामाचा रुमाल टर्पेंटाइनने भिजलेला होता, तो टेबलावर यायच्या आधीच नामंजूर झाला. मग मामाने खाली बसून बूट काढला आणि पायमोजा वर धरला. प्रमुखबाईंनी नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"नियमात बसतो," त्या म्हणाल्या. "पण मी हात लावणार नाही." मोजा मात्र इतका जाड होता, की टोपीत शिरेचना.

आईच्या केसांतला प्लॅस्टिकचा चिमटा तीन पूर्णांक दोन भरला. बाबांचा रुमाल आठ पूर्णांक नऊ. रॉकेट अडुसष्ट पूर्णांक नऊवर येऊन थांबलं. अजून तेरा ग्रॅम हवे होते. पावणेतीन मिनिटं उरली. आई पर्स टेबलावर उपडी करून एकेक वस्तू बाजूला सारत होती, धातू, धातू, काच, धातू. बाबा काट्याकडे नुसते बघत होते. काटा असूनही त्यांना बरं वाटत नव्हतं.

अण्णा मघापासून बोलत होते. मैदानाचा उतार चुकलाय, सळई पुरेशी जाड नाही, आणि आपण काल म्हणालोच होतो की पंख पातळ करू नका. कोणाचंच लक्ष नव्हतं. बाईसाहेब टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या आणि काहीच मागत नव्हत्या. अण्णांनी तिच्या त्या हातांकडे पाहिलं आणि वाक्य अर्धं सोडलं. मग ते सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांची मूठ बंद होती आणि गाल आत गेले होते. त्यांनी मूठ काट्यावर उघडली.

वरची कवळी होती. पूर्ण.

काट्यावरचा आकडा थरथरला आणि स्थिरावला. चौदा पूर्णांक शून्य.

"धातू नाही," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "ऍक्रिलिक आहे. मी खात्री देतो."

प्रमुखबाईंनी कवळीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "सुटी राहता कामा नये," एवढंच त्या म्हणाल्या.

बाईसाहेबांनी कवळी बाबांच्या रुमालात गुंडाळली, आईच्या चिमट्याने रुमालाची टोकं आवळली आणि ते गाठोडं टोपीत घट्ट सारलं. ब्याऐंशी पूर्णांक नऊ. शिट्टी वाजली.

रॉकेट सळईवर चढलं. रंग उडालेलं, अक्षरं गेलेलं, ठिकठिकाणी खरवडलेलं, जणू गंभीर आजारातून उठलेलं. अण्णा काहीतरी कळकळीने सांगू पाहत होते, पण तोंडातून नुसती वाफ निघावी तसे शब्द येत होते आणि कोणाला उमगत नव्हते. शेवटी त्यांनी तोंडावर हात धरला. आईने डोळे मिटले. बाबांनी तिचा हात धरला, लग्नाच्या फोटोत धरलेला त्यानंतर थेट आता.

बाईसाहेबांनी बटण दाबलं.

सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि सळईवर धूर उरला. रॉकेट सरळ वर गेलं, नखाएवढं झालं, मग नुसता ठिपका. ज्वाला विझली. "एक," बाईसाहेब म्हणाल्या. त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या, पण इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू आलं. "दोन." मामाने उघड्या पायाची बोटं गवतात रुतवली. वर तो ठिपका मंदावला, आणखी मंदावला, जागच्या जागी थबकल्यासारखा झाला. "तीन," त्या म्हणाल्या, आणि काही झालं नाही.

बाबांनी चष्मा काढला आणि न पुसताच परत चढवला.

मग लांबून फटाक्याच्या लवंगीसारखा बारीक आवाज आला आणि आकाशात एक पांढरी टिकली उमलली. गोट नसलेली, कडा सुट्या, पण अख्खी. ती डोलत डोलत खाली येऊ लागली. एकदा वर्तुळाच्या रेघेकडे झुकली आणि दोरीपाशी उभी असलेली चारही माणसं नकळत उलट्या बाजूला कलली. शेवटी रॉकेट रेघेच्या आत दोन हातांवर, पंखांवर टेकलं आणि कुशीवर लवंडलं.

बाईसाहेब धावत गेल्या. त्या धावतात हे कोणी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. प्रमुखबाईही मागोमाग गेल्या, त्यांनी नळी तपासली, पंख तपासले, पॅराशूट उजेडाकडे धरून पाहिलं. मग टेबलाशी परत येऊन रजिस्टरमध्ये 'पात्र' असं लिहिलं आणि वळणदार रेघ ओढली. पुढचा रकाना वजनासाठी वापरलेल्या वस्तूंचा होता. तिथे त्यांनी रुमाल एक, चिमटा एक असं लिहिलं आणि लेखणी थांबवली.

"वरची होती ना?" त्यांनी विचारलं. "नोंद अचूक हवी."

बाबांनी होकार दिला.

आईने पाण्याची बाटली पुढे केली. अण्णांनी कवळी धुतली, सगळ्यांकडे पाठ केली आणि परत वळले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. दहा मिनिटांचं साठलेलं बोलणं आता एकदम येणार, पंख, सळई, उतार आणि वऱ्हाड सगळं, अशी तयारी ठेवून मामाने बूट चढवायलाही घेतला नाही. अण्णांनी दात दोनदा एकमेकांवर आपटून पाहिले. मग मान मागे टाकून, जिथे ती टिकली उमलली होती त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"वर गारवा आहे, बरं का," ते नातीला म्हणाले.